जर्मनीत मास्टर्स: ७.३ सीजीपीए, एक केटी

मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, सीजीपीए ७.३, एक केटी (नापास होऊन पुन्हा दिलेला विषय) आणि "जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटी मिळेल का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. जवळपास हेच आकडे घेऊन मी इकडे आलो. आयईएलटीएस, एसओपी वगैरेवर लिहीत नाही, ते कुठेही मिळेल.

तुमच्या ७.३ कडे इथे कुणी ७.३ म्हणून बघत नाही. सुधारित बव्हेरियन सूत्राने त्याचा जर्मन ग्रेड काढतात. कमाल ग्रेडमधून (आपल्याकडे १०) तुमचा ग्रेड वजा करायचा, कमाल आणि किमान पासिंगमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, वर एक मिळवायचा. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. आता पासिंग ४ धरलं तर तुमचा ग्रेड २.३५ येतो आणि ५ धरलं तर २.६२. बऱ्याच कोर्सेसना २.५ किंवा त्याहून चांगला लागतो. म्हणजे मार्कशीट तीच, पण तुम्ही आत की बाहेर हे तुमच्या विद्यापीठाचं किमान पासिंग किती यावर.

माझ्या ट्रान्सक्रिप्टवर ते छापलेलंच नव्हतं. परीक्षा विभागात (कुठल्या विद्यापीठाच्या ते विचारू नका) एका ओळीचं पत्र मागितलं, "किमान उत्तीर्ण ग्रेड पॉइंट ४". खिडकीवरचे साहेब म्हणाले, असं पत्र आम्ही देत नाही, कॉलेजातून आणा. कॉलेज म्हणालं, हा विद्यापीठाचा विषय. परत गेलो तर अर्ज करा, चलन भरा, साहेब रजेवर आहेत. नियम त्यांच्याच अध्यादेशात छापलेला, त्याची झेरॉक्स मी हातात धरून उभा, तरी सहीला कुणी तयार नाही! शेवटी पत्र मिळालं, त्यावर जावक क्रमांक नाही, शिक्काही अर्धवट. ते दुरुस्त होईपर्यंत अर्जाची मुदत टळली आणि वर्ष गेलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तेव्हा हे काम आत्ताच, तिसऱ्या वर्षात करा. सातव्या सेमिस्टरला सगळा वर्ग एकदम तिथे रांग लावतो. पत्र लेटरहेडवर, जावक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्क्यासह घ्या, दोन-तीन मूळ प्रती मागा.

एपीएस, म्हणजे तुमची कागदपत्रं खरी आहेत हे तपासून मिळणारं प्रमाणपत्र, आमच्या वेळी नव्हतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते व्हिसासाठी लागतं, पण त्याने ग्रेडचं रूपांतर होत नाही. ते प्रत्येक युनिव्हर्सिटी स्वतः करते किंवा युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून करून घेते.

ग्रेडइतकंच विषयांचं जुळणं महत्त्वाचं, माझ्या मते जास्तच. मेकॅनिकल करून थेट डेटा सायन्स मागाल तर १.५ वरही नकार येऊ शकतो, कारण गणित आणि प्रोग्रॅमिंगचे क्रेडिट मोजतात. अभ्यासक्रमाची सविस्तर पुस्तिका जपून ठेवा.

कन्सल्टंटचं म्हणाल तर "प्रोफाइल वीक आहे" असं सांगून खाजगी युनिव्हर्सिटीकडे वळवणाऱ्यापासून लांब राहा. बहुतेकदा कमिशन तिथलंच असतं. सगळेच तसे नसतात, पण मला भेटलेले तसेच होते. आणि "जर्मनीत शिक्षण फुकट" हे सरसकट खरं नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. टीयू म्युनिकने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून बहुतेक मास्टर्सना अशांना सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो लावलेत.

मी प्रवेश समितीवर नाही, नियमही दरवर्षी बदलतात, कोर्सचं पान स्वतः वाचा. केटीचं राहिलंच: सूत्रात केटीला वेगळा रकाना नाही. एका केटीपायी अर्ज टाळू नका, फक्त ती मार्कशीट लपवू नका.