तासाला दीडशे उल्का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उल्कावर्षावाविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: वाचले एक आणि दिसले भलतेच. म्हणून या वेळी सदराचा मोठा भाग त्या एका तक्रारीला दिला असून, अंगणातून किंवा गच्चीवरून आकाश पाहणाऱ्यांच्या उरलेल्या शंका त्यानंतर घेतल्या आहेत.

प्रश्न : डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षावात तासाला दीडशे उल्का दिसतात असे वाचून आम्ही घरातील सगळे रात्री नऊला गच्चीवर जाऊन बसलो. तासाभरात जेमतेम सहा उल्का दिसल्या. आकडा खोटा होता की आमचे पाहणे चुकले?

उत्तर : दोन्ही नाही. तो आकडा खराच आहे, मात्र तो ज्या अटींवर खरा ठरतो त्या अटी बातमीत छापल्या जात नाहीत. झेड.एच.आर. (झेनिथल अवर्ली रेट) या नावाने ओळखला जाणारा हा दर एका आदर्श निरीक्षकासाठी काढलेला असतो. उल्का ज्या बिंदूतून येताना भासतात तो उद्गमबिंदू नेमका डोक्यावर आहे, आकाश चहूबाजूंनी मोकळे आहे आणि साध्या डोळ्यांनी साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे अंधुक तारे दिसत आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. (प्रत म्हणजे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लाभलेला निरीक्षक विरळाच.

आता आपल्या गच्चीचा हिशेब मांडू. रात्री नऊच्या सुमारास मिथुनेचा उद्गमबिंदू क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असेल, तर दर निम्म्यावर येतो, म्हणजे १५० चे ७५ झाले. वस्तीतल्या आकाशात बहुधा साडेचार प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात, म्हणजे दोन प्रती कमी पडल्या. या वर्षावात प्रत्येक प्रतीमागे दिसणाऱ्या उल्कांची संख्या सुमारे २.६ पटींनी घटते, कारण तेजस्वी उल्का थोड्या आणि अंधुक उल्का पुष्कळ असतात. दोन प्रतींसाठी ७५ ला दोनदा २.६ ने भागले की ११ उरतात. त्यातच पाण्याची टाकी, शेजारची इमारत आणि कठड्याबाहेरचा दिवा यांनी निम्मे आकाश खाल्ले असेल, तर शिल्लक पाच-सहा. आपले सहा या हिशेबात चपखल बसतात.

याच गणितातून उपायही सापडतो. त्याच गच्चीवर आपण रात्री दोनच्या सुमारास बसला असता, तर उद्गमबिंदू पुष्कळ वर आलेला असल्यामुळे, बाकी काहीही न बदलता, संख्या दुपटीच्या आसपास गेली असती. सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणाऱ्या मोकळ्या माळावर त्याच वेळी हा हिशेब नव्वदीच्या घरात जातो. हे सारे कमाल तीव्रतेच्या रात्रीपुरते खरे आहे, एक-दोन रात्री मागेपुढे झाल्या तर दर झपाट्याने उतरतो.

आपल्या आकाशाची प्रत ठरवायला उपकरण लागत नाही. डिसेंबरात कृत्तिका वर असतात. त्यांतल्या सहा तारका सुट्या मोजता आल्या तर मर्यादा साडेचारच्या जवळपास आहे असे समजावे, आणि नुसताच पुंजका दिसत असेल तर ती त्याहून कमी आहे. उन्हाळ्यात सप्तर्षींमधला अत्री पाहावा. चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तिथला हा सर्वांत मंद तारा ३.३ प्रतीचा आहे. तोच शोधावा लागत असेल, तर त्या जागेवरून उल्कांची फारशी आशा धरू नये. वर्तमानपत्रातला आकडा पाहण्यापूर्वी ही चाचणी करावी, असे मी नेहमी सुचवतो.

प्रश्न : ययाती उल्कावर्षावाच्या वेळी ययाती तारकासमूहाकडेच टक लावून पाहायचे असते का?

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज नावामुळे झालेला आहे. उल्कांचे कण अवकाशातून एकमेकांना समांतर येतात, पण समांतर जाणारे रूळ जसे दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तसे त्यांचे मार्ग मागे वाढवले असता एका बिंदूत मिळालेले भासतात. उद्गमबिंदूजवळची उल्का जवळजवळ सरळ आपल्याच दिशेने येत असल्यामुळे तिची रेघ आखूड दिसते. लांब, ठसठशीत रेघा त्या बिंदूपासून ४०-५० अंश दूर उमटतात. तेव्हा आडवे व्हावे, नजर क्षितिज आणि शिरोबिंदू यांच्या मध्यावर ठेवावी आणि आपल्या आकाशाचा जो भाग सर्वांत काळा असेल तो निवडावा. दिशेपेक्षा अंधार महत्त्वाचा.

उद्गमबिंदूचा उपयोग आहे तो ओळख पटवण्यासाठी. दिसलेली रेघ मनातल्या मनात मागे वाढवून ती ययातीत पोहोचली तर उल्का त्या वर्षावातली, नाहीतर एरवीही रोज तुरळक दिसणाऱ्यांपैकी. नोव्हेंबर १८३३ मध्ये सिंह उल्कांचा जो प्रचंड वर्षाव झाला, त्यात सगळ्या रेघा सिंह राशीतील एका जागेतून फुटत आहेत आणि ती जागा ताऱ्यांबरोबरच सरकत आहे, हे निरीक्षकांच्या लक्षात आले. उल्का वातावरणात जन्मत नसून बाहेरून येतात, या निष्कर्षाला त्यातून मोठे बळ मिळाले.

प्रश्न : मध्यरात्रीनंतरच जास्त उल्का दिसतात, असे का?

उत्तर : पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते. संध्याकाळी आपण तिच्या मागच्या बाजूला असतो, तर मध्यरात्रीनंतर आपली बाजू हळूहळू तिच्या प्रवासाच्या दिशेला तोंड करते. मागच्या बाजूला पृथ्वीला गाठू शकणारे कणच येऊन धडकतात, पुढच्या बाजूला मात्र वाटेत येणारे सगळेच सापडतात. समोरून येणाऱ्या सिंह उल्कांचा वेग म्हणूनच सेकंदाला ७१ किलोमीटर इतका असतो. मिथुन उल्का ३५ किलोमीटरच्या वेगाने, त्या मानाने संथ येतात, आणि त्यांचा उद्गमबिंदू संध्याकाळीच उगवत असल्यामुळे ज्यांना जागरण झेपत नाही अशांना, विशेषतः लहान मुलांना, त्या रात्री दहा-अकरापर्यंतही बऱ्यापैकी दिसू शकतात.

प्रश्न : माझ्या शेजारी बसलेल्यांना उल्का दिसतात, मला मात्र दिसत नाहीत. डोळ्यांत दोष असेल का?

उत्तर : चष्म्याचा नंबर तपासलेला नसेल तर तो आधी तपासून घ्यावा, कारण लांबचे पाहण्याचा थोडासा नंबरही अंधुक तारे पुसून टाकतो. पण आपण पत्रात पुढे लिहिले आहे की मध्ये मध्ये मोबाइलवर तारकानकाशा पाहत होतो. माझ्या मते दोष तिथेच आहे.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी दहाएक मिनिटांत अंधाराला सरावतात आणि त्यापुढे त्यांची मजल जात नाही. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना मात्र त्यांतले प्रकाशसंवेदी रंगद्रव्य पुन्हा तयार होण्यासाठी वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. पांढऱ्या पडद्याकडे एक नजर टाकली की ते रंगद्रव्य विघटित होते आणि अर्ध्या तासाची कमाई जाते. आपण दर दहा मिनिटांनी मोबाइल पाहत असाल, तर दंडपेशींना कधी संधीच मिळाली नाही. नकाशा आधी घरात पाहून ठेवावा आणि बाहेर दिवा लागलाच तर तो लाल आणि मंद असावा. लाल प्रकाशाने दंडपेशी फारशा बिघडत नाहीत.

आणखी एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. एखाद्या अगदी मंद ताऱ्याकडे रोखून पाहा, तो नाहीसा होईल. नजर किंचित बाजूला नेली की तो परत दिसू लागेल. दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून असे होते. यामुळेच एका ताऱ्यावर डोळे खिळवण्याऐवजी नजर सैल सोडून बसणाऱ्याला उल्का अधिक दिसतात.

प्रश्न : वर्षभरातील कोणते वर्षाव खरोखर जागरण करण्यालायक आहेत?

उत्तर : माझ्या मते दोनच, मिथुन आणि ययाती. मिथुन उल्का १३-१४ डिसेंबरला शिगेला पोहोचतात. त्यांचा जनक नेहमीसारखा धूमकेतू नसून १९८३ मध्ये सापडलेला फेथॉन हा खडकाळ लघुग्रह आहे, आणि दोन्ही गोलार्धांतून त्या दिसतात. ययाती उल्का १२-१३ ऑगस्टच्या. सूर्याभोवती सुमारे १३३ वर्षांत एक फेरी मारणाऱ्या स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे टाकलेला हा कचरा आहे. दक्षिण गोलार्धातून मात्र त्यांची फारशी मजा नाही, आणि जिथे ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते त्यांनी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

बाकीचे वर्षाव सवड असल्यास पाहावेत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील कुंभ उल्का आणि २१ ऑक्टोबरच्या सुमाराच्या मृग उल्का हे दोन्ही हॅलेच्या धूमकेतूचेच देणे आहे. जानेवारीच्या ३-४ तारखेचा क्वाड्रँटिड वर्षाव दराने मोठा, पण त्याची तीव्रता काही तासच टिकते, त्यामुळे तो हुकण्याचीच शक्यता अधिक. सिंह उल्का (१७-१८ नोव्हेंबर) एरवी माफकच असतात. त्यांचा लौकिक दर ३३ वर्षांनी परतणाऱ्या टेम्पल-टटल धूमकेतूच्या आगेमागे आलेल्या वादळी वर्षावांवर उभा आहे.

तारखेइतकाच चंद्र पाहावा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे त्याच तारखेला पुढच्या वर्षी चंद्र ११ दिवसांनी ‘मोठा’ असतो. २०२६ चे उदाहरण घ्या: १२ ऑगस्टला सूर्यग्रहण, म्हणजे अर्थातच अमावास्या, आणि ययाती उल्कांना पूर्ण काळोख. २०२७ मध्ये त्याच रात्री एकादशीच्या आसपासचा चंद्र मध्यरात्र उलटून जाईपर्यंत आकाशात राहतो. एवढा हिशेब दिनदर्शिकेवरून कोणालाही करता येतो.

प्रश्न : यासाठी दुर्बीण घ्यावी का?

उत्तर : उल्का पाहण्यासाठी अजिबात नको. मोठ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात आकाशाचा जेमतेम अंशभर तुकडा मावतो आणि उल्का तेवढ्यात सापडणे हा निव्वळ योगायोग ठरेल. पण दोन डोळ्यांनी पाहायची १०×५० ची साधी दुर्बीण, म्हणजे दहा पट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, हाताशी अवश्य असावी. एखादी तेजस्वी ययाती किंवा सिंह उल्का विझल्यावर तिच्या मार्गावर कधीकधी धूसर पट्टा मागे राहतो. दुर्बीण चटकन तिकडे वळवली, तर उंचावरच्या वाऱ्यांनी तो पट्टा वाकत, पिळवटत जाताना दिसतो. उल्का नसतील तेव्हाही ती वाया जात नाही. मृगातील तेजोमेघ, कृत्तिकांचा पुंजका, गुरूचे चार मोठे चंद्र आणि २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका, हे सर्व तीतून दिसते. त्यानंतरही ओढ टिकली तरच मोठ्या दुर्बिणीचा विचार करावा.

प्रश्न : एवढ्या उल्का पडतात, तर अंगणात उघड्यावर झोपणे धोक्याचे नाही का?

उत्तर : नाही. वर्षावातील कण बहुधा वाळूच्या कणाएवढे असतात आणि जमिनीपासून ८० ते १२० किलोमीटरवरच हवेच्या रेणूंवर आदळून त्यांची वाफ होते. आपल्याला चमकताना दिसते ती ही वाफ आणि तिच्याभोवतीची हवा. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या दगडांना अशनी म्हणतात आणि त्यांचा या वार्षिक वर्षावांशी संबंध नसतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा लघुग्रह कोणत्याही वर्षावातला नव्हता.

प्रश्न : एक ठिपका तीन-चार मिनिटे सरकत राहिला आणि मध्येच नाहीसा झाला. ती उल्का होती का?

उत्तर : तो कृत्रिम उपग्रह. तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की असा विझतो. उल्का बहुधा एका सेकंदाच्या आत संपते.

प्रश्न : आम्ही पाचजण मिळून मोजणी करतो. तिचा कोणाला उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण पाचांची बेरीज करू नये. झेड.एच.आर. एका निरीक्षकासाठी असतो, म्हणून प्रत्येकाने आपापली नोंद वेगळी ठेवावी आणि दुसऱ्याने ‘ती बघा’ म्हटल्यावर मान वळवून पाहिलेली उल्का आपल्या नावावर लिहू नये. नोंदीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मध्ये घेतलेली विश्रांती, आकाशाची प्रत, ढगांनी किती भाग झाकला होता, उल्का वर्षावातली की इतर, आणि तिची अंदाजे प्रत एवढे असावे. उल्का एकही न दिसलेली पंधरा मिनिटेही तशीच लिहावीत, ती गाळली तर दर फुगतो. १९८८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी स्वीकारते, आणि दरवर्षीचा दर त्यांच्याच आधारे काढला जातो. लिहिण्यासाठी मान खाली घालावी लागू नये म्हणून आवाज मुद्रित करून ठेवावा आणि सकाळी तो कागदावर उतरवावा.