गोल चेहऱ्याला कोणता फेड कट शोभेल?
फेड म्हणजे बाजूचे केस खाली बारीक आणि वर जाताना हळूहळू लांब ठेवणं; बारीक भाग कानाजवळच संपला तर लो, कानशिलापर्यंत गेला तर मिड, त्याहून वर गेला तर हाय. गोल चेहऱ्याला मिड किंवा हाय फेड घ्या आणि वर दोन-अडीच इंच केस राहू द्या. बाजू बारीक झाल्या की चेहरा लांबट दिसतो. मुळात लांबट चेहरा असेल तर लो फेडच बरा.

पहिल्यांदाच करताय तर थेट स्किन फेड, म्हणजे खाली अगदी त्वचा दिसेपर्यंत केस काढणं, नको. "खाली मशीनला दोन नंबर लावा" म्हणा, म्हणजे साधारण 6 मिमी केस राहतात. आणखी कमी नंतरही करता येतात. खुर्चीत बसण्याआधी कानामागे बोटं फिरवून जुनी खोक आहे का तेही बघा. माझ्या कानामागे टाक्यांची खूण आहे. एक नंबर मारला की पांढरी रेघ उघडी पडते, म्हणून मी दोन नंबरच्या खाली जात नाही.

स्किन फेड दोन आठवड्यांत भरून येतो. तितक्यांदा सलूनला जाणं जमणार असेल तरच घ्या.