जुन्या एनईएस गेमच्या पडद्याच्या डेटात शेवटी येणारे ६४ आकडे कशाचे असतात?

तुम्ही लिहिलंय की एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या गेम कन्सोलवरच्या एका गेममधून सुरुवातीच्या पडद्याचे १०२४ आकडे काढून ३२-३२ च्या ओळींत मांडले. वरच्या ३० ओळींत चित्र ओळखू येतं, पण खालच्या दोन ओळींत ०, ८५, १७०, २५५ असलं काहीतरी येतं. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलं की तो कचरा आहे, सोडून द्या.

सोडू नका. तो त्या पडद्याचा रंग आहे.

३२ गुणिले ३० म्हणजे ९६० टाइल झाल्या, टाइल म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा चित्राचा तुकडा. उरलेले ६४ आकडे ३२ च्या ओळीत वाचायचेच नसतात, ते ८ बाय ८ मांडा. एकेक आकडा पडद्यावरचा ४ बाय ४ टाइलचा चौकोन सांभाळतो. त्या चौकोनाचे चार भाग पाडा, प्रत्येक भागाला दोन बिट. सर्वांत खालचे (उजवीकडचे) दोन बिट वरच्या डाव्या भागाचे, मग वरचा उजवा, खालचा डावा, आणि सर्वांत वरचे दोन बिट खालच्या उजव्याचे. दोन बिटांत चारपैकी एक पॅलेट, म्हणजे रंगांचा संच. म्हणून ८५, म्हणजे ०१०१०१०१: चारही भाग पॅलेट १. १७० म्हणजे सगळीकडे २, आणि २५५ म्हणजे सगळीकडे ३. मध्येच ९० दिसला तर रंगाची सीमा त्या चौकोनाच्या मधोमध आडवी जाते, वर पॅलेट २ आणि खाली १.

हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण याच ६४ आकड्यांवरून माझा एकदा मोठा वाद झाला होता. आम्ही काही जण मिळून एका जुन्या गेमचा सुरुवातीचा पडदा बदलत होतो. गटातले सर्वांत अनुभवी गृहस्थ ठामपणे म्हणाले की हे नुसतं भरताड आहे, ९६० ला १०२४ पर्यंत पोचवायला टाकलेलं. त्यांच्या टूलमध्ये तसंच दिसायचं, कारण ते टूल सगळेच आकडे टाइल समजून काढायचं. साहजिकच तळाशी दोन ओळी भलत्याच टाइल उमटायच्या. मी म्हणालो, भरताड असतं तर एकच आकडा ओळीने आला असता. इथे ८५ चे गठ्ठे आहेत, १७० चे गठ्ठे आहेत, आणि गठ्ठ्यांच्या कडा चित्राच्या कडांना जुळतात. ते म्हणाले, आकड्यांकडे टक लावून बसू नकोस.

मी आलेख कागद घेतला आणि ८ बाय ८ चा तक्ता हाताने रंगवला. तळाकडच्या गवतावर ओळीने १७० होते, पण अगदी शेवटच्या आठ आकड्यांत १७० नव्हता, १० होता. तिथेच निकाल लागला. पडद्याला टाइलच्या ओळी ३०, आणि ३० ला ४ ने पूर्ण भाग जात नाही. शेवटच्या रांगेतल्या चौकोनांचा खालचा अर्धा पडद्यावर येतच नाही, म्हणून १०१०१०१० मधले वरचे चार बिट शून्य करून ठेवलेले. मूळ प्रोग्रामरने विचार करून लिहिलेला आकडा होता तो! मग एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर जुनं कन्सोल चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक १७० बदलून २५५ केला. नेमका ३२ बाय ३२ पिक्सेलचा एक चौकोन वेगळ्या रंगात आला. तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: 'चांगलं टूल वापरलं असतं तर हे आपोआप दिसलं असतं.'

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. टूल तेच दाखवतं जे ते बनवणाऱ्याला ठाऊक होतं. पहिला तक्ता तरी हातानेच सोडवावा. रुंदी किती, आकडे कुठे पुन्हा येतात, कडेला काय बदलतं, हे बोटाखालून गेलं की पुढचा तक्ता उघडताक्षणी बोलायला लागतो. आणि ज्याने आकडे वाचलेलेच नाहीत, त्याने त्यांना कचरा म्हणू नये.

तुमचा दुसरा प्रश्न, कुठला आकडा म्हणजे कुठली टाइल. आकड्याला १६ ने गुणा, टाइलच्या संचात तिथून १६ बाइट घ्या. पहिले आठ म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा खालचा बिट, पुढचे आठ म्हणजे वरचा. ४०९६ बाइटचे असे दोन संच असतात आणि पार्श्वभूमीला कुठला वापरायचा ते गेमचा कोड ठरवतो. काही कार्ट्रिजमध्ये (गेम ज्यात येतो त्या डब्यांत) टाइल चालू गेममध्ये रॅममध्ये उतरवल्या जातात, तेव्हा फाइलमध्ये शोधण्यापेक्षा एम्युलेटरच्या मेमरीतून घ्या.

हे सगळं एनईएसपुरतं. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर रंगाचे ७६८ बाइट असतात, प्रत्येक ८ बाय ८ पिक्सेलच्या घराला एक, आणि बिटांची वाटणीही निराळी. एनईएसवरही काही कार्ट्रिजमधल्या एमएमसी५ या जादा चिपच्या एका मोडमध्ये प्रत्येक टाइलला स्वतंत्र पॅलेट देता येतं, तिथे वरचं गणित लागू होत नाही. लेव्हलचे नकाशे तर बहुतेकदा कंप्रेस केलेले असतात आणि ते असे सरळ मांडून वाचता येत नाहीत. पण तुमच्याकडे बरोबर १०२४ आकडे निघाले आणि वर चित्रही दिसतंय, तेव्हा ती भानगड तुमच्या वाट्याला आलेली नाही.