'टाकी' इंग्रजांकडून आलेली नाही

सिन्नरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: पेट्रोलची 'टंकी' म्हणायचं की 'टाकी', आणि हा शब्द इंग्रजी 'टँक'वरून आला का?

'टंकी' हिंदी वळणाची, मराठीत टाकी. पण "टँकची मराठीत टाकी झाली" हे चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून इतकं ऐकतो की संताप येतो. ही उलटी गंगा आहे. सतराव्या शतकात इंग्रज सुरतेला वखारी थाटून बसले, तेव्हा आपल्याकडे पाणी साठवायच्या जागेला गुजरातीत टांकुं आणि मराठीत टाकं म्हणत. इंग्रजीत हा शब्द सुरुवातीला भेटतो तोही हिंदुस्थानातल्या तलावांबद्दल लिहिताना.

काही कोशकार मध्येच पोर्तुगीज शब्द आणतात आणि मूळ लॅटिनमधल्या 'साचलेल्या पाण्या'त शोधतात. मला हे अजिबात पटत नाही. टाकं नुसतं साचत नाही, ते खोदावं लागतं. संस्कृत 'टंक' म्हणजे छिन्नी. पाथरवटाच्या हातातली ती टाकी, 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' म्हणतो तीच. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, तीही तीच. टाकीने कातळात खोदलं ते टाकं, असं माझं ठाम मत. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत जा, लेण्याशेजारी कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघा आणि मग लॅटिनबद्दल बोला. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. लेण्यासोबत पाण्याची टाकीही करवली, असं तो सांगतो. त्यात शब्द 'पोढी' आहे, हे खरं. पण पोढी बोलण्यातून गेली आणि टाकं राहिलं, कारण टाकी चालवणारे हात राहिले.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलखती गाडी गुपचूप बांधायला घेतली. इंग्लंडातल्या लिंकन गावच्या कारखान्यात तिचं लोखंडी धूड बाहेरून पाण्याच्या टाकीसारखं दिसे, म्हणून पाणी वाहायची गाडी बनतेय अशी बतावणी केली. १९१५च्या डिसेंबरात कागदोपत्री 'टँक' हे नाव पडलं. १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत त्या गाड्या प्रथम रणात उतरल्या. गुपित फुटलं तरी नाव तेच राहिलं, आणि पुढे रशियनांसारख्या इतरांच्याही तोंडी गेलं.