मुंबईहून गाडीने तीन दिवसांत दिवेआगर ते दापोली किनाऱ्याने जायचं असेल, तर आखणी कशी करावी?

अंधेरीहून शनिवारी पहाटे निघणार, साधी हॅचबॅक, घरचे चौघं, सोमवारची सुट्टी जोडून तीन दिवस, आणि अलिबागची जत्रा नको, असं तुम्ही लिहिलंय. आरामात होईल. फक्त आखणी किलोमीटरवर करू नका, भरती-ओहोटीवर करा. या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला एक तर फेरीबोट धरावी लागते, नाही तर तास-दोन तासांचा वळसा. गुगल मॅप फेरीची वाट रस्त्यासारखी दाखवतो, पण धक्क्यावर ताटकळायचा वेळ त्यात धरलेला नसतो.

आधी भरतीचं गणित शिकून घ्या. कोळी-खलाशांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, आणि ओहोटी सकाळ-रात्री दहाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुक्ल असो वा कृष्ण, आकडा तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहाच, पण कॅलेंडरवर नजर टाकून सुट्टी ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा चढउतार कमी. तुमच्यासारख्यांना सप्तमी ते दशमी सोयीची, कारण ओहोटी दिवसाउजेडी, ऐन फिरायच्या वेळात येते.

तिथी एवढी का बघायची, तर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागच्या डोंगरावरून पायऱ्या कड्याच्या फटीतून थेट खडकांवर उतरतात आणि पुढची वाट समुद्राच्या काठाने आहे. ओहोटीलाच ती मोकळी असते. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरा आणि पाणी परतायच्या आत वर या. इथे माणसं वाहून गेली आहेत, आणि ती बहुधा पोहताना नव्हे, खडकाच्या कडेला फोटो काढताना. शेवाळलेला काळा खडक कोरडा दिसला तरी चपलेला धरत नाही. तिथल्या पुजाऱ्याने किंवा दुकानदाराने ‘आता नको’ म्हटलं तर वाद घालू नका.

आता रस्ता. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रोने गाडी नेता येते, साधारण तासाभरात. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याहून फेरीने दिघी. ही वाट सुंदर आहे, पण शनिवारी सकाळी काशीदपर्यंतचा रस्ता म्हणजे दादर स्टेशनच. मी असलो तर पहिला दिवस सरळ अटल सेतूवरून पेण, मग गोवा हायवेने माणगाव, मोर्ब्यामार्गे म्हसळा आणि दिवेआगर असा काढीन. खरा निवांत किनारा दिघीच्या खालीच सुरू होतो. पहाटे साडेचारला घर सोडलं तर माणगावची कोंडी टळते.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा तुकडा सगळ्यात देखणा: भरडखोल, शेखाडी, रस्ता अगदी पाण्याला खेटून. इथे एक बारीक गोष्ट आहे. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. फोटोसाठी लोक वळणावरच गाडी उजवीकडे घुसवतात आणि तिथेच ठोकाठोकी होते. शिवाय दुपारी दोननंतर ऊन नेमकं ड्रायव्हरच्या अंगावर आणि काचेवर येतं. सकाळी अकराच्या आत हा रस्ता उरका, डोंगराची सावली असते. रस्ता अरुंद, कडेला डांबर तुटून वीतभर खाली गेलेलं. समोर एसटी आली की चाक त्या खळग्यात घालायच्या आधी थांबा. घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, हे उतरणाऱ्याने लक्षात ठेवायचं. सरासरी ताशी पंचवीस-तीस धरा, त्याहून जास्त नाही.

बाग आ‍णि वाड्यांमध्ये झाडं विरळ दिसली तर नवल वाटू देऊ नका. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, आणि सुपारी धरायला कित्येक वर्षं लागतात.

श्रीवर्धननंतर हरिहरेश्वर, आणि हरिहरेश्वरहून बागमांडला जवळच आहे. तिथून सावित्रीची खाडी फेरीने ओलांडली की वेश्वी, रत्नागिरी जिल्हा. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं, पण सुट्टीच्या दिवशी रांग तासाची असू शकते. धक्क्यावर चढताना चूक होते ती अशी: उधाणाच्या ओहोटीला बोट खाली जाते आणि फळीचा उतार उभा होतो. खालच्या बांध्याच्या गाडीचा पुढचा बंपर घासतो. माणसं उतरवून गाडी हलकी करा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश, आणि खलाशाच्या हाताकडे बघून चालवा, आरशाकडे नाही. तो रिव्हर्स घ्यायला सांगेल तर घ्या, उतरताना सोपं पडतं म्हणून तो सांगतो. आत गेल्यावर हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद. फेरी चुकली तर आंबेत-म्हाप्रळ पुलावरून वळसा आहे, पण त्या पुलाची डागडुजी बऱ्याचदा निघते, आधी फोनवर विचारून घ्या. शेवटच्या फेरीच्या भरवशावर कधीच राहू नका.

वेश्वीहून बाणकोट, मग वेळास. फेब्रुवारी अखेर ते एप्रिल असेल तर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना दिसू शकतात, सकाळी आणि संध्याकाळी. पण ती रोज बाहेर येत नाहीत, घरटी केव्हा फुटतील ते गावातल्या माणसांनाच विचारावं. वेळासहून केळशी नकाशावर बोटभर, प्रत्यक्षात भारजा नदी मध्ये असल्याने मांदिवलीकडून आत वळून तासाच्या वर लागतो. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले हा पुढचा तुकडा मात्र पुन्हा समुद्राला चिकटून. दुसरा मुक्काम आंजर्ल्याला करा, आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी जवळजवळ नसते. पावसाळ्यात फेरीही हवामान बघूनच सुटते.

श्रीवर्धन सोडताना टाकी भरा आणि रोख पैसे ठेवा, पुढे रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. जेवणाचं सकाळीच फोन करून माणशी सांगायचं. घरगुती खानावळीत मोजून शिजवतात, दुपारी दोनला दारात उभं राहून ‘काय आहे’ विचारलं तर सोलकढीवर भागवावं लागेल.

गाडी वाळूत घालू नका, दंडही होतो. लाटेजवळची ओली वाळू कडक भासते, पण पाणी सरकलं की चाकाखालून सुटते. तरीही कुणी रुतलाच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा पंधरा-अठरावर आणा, पायपुसणी चाकाखाली सरकवा, स्टिअरिंग सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा. दोनदा जमलं नाही तर गावातून ट्रॅक्टर बोलवा, भरतीची वाट बघत बसू नका. हवा भरायचा छोटा पंप म्हणूनच बरोबर असावा, आणि निघण्याआधी स्टेपनीही तपासून घ्या, जांभ्याच्या कडा टायरची बाजू कापतात.

परतीला सोमवारी आंजर्ल्याहून सकाळी सातला सुटा, दापोली-खेडमार्गे गोवा हायवेला लागा आणि माणगाव दुपारच्या जेवणाआधी मागे टाका. चारनंतर तिथे पोचलात तर मुंबईची वेळ सांगता येत नाही. घरी आल्यावर गाडी बाहेरून चकचकीत करण्यापेक्षा खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, फेरीवर उडालेलं खारं पाणी चाकांच्या आतल्या बाजूला आणि सायलेन्सरवर बसलेलं असतं.