गोठवलेल्या भाड्याने भाडेकरू मोकळा होतो की अडकतो?

प्रश्न असा आहे की सरकारने भाडं बांधून दिलं तर सामान्य माणसाचं स्वातंत्र्य वाढतं का. मुंबईकराला याचं उत्तर पुस्तकात शोधायला नको, गिरगावातल्या कुठल्याही जुन्या चाळीत जा.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता, युद्धानंतर आणि फाळणीनंतर लोक रस्त्यावर येऊ नयेत हा. पण किंमत दाबली की टंचाई संपत नाही, ती दुसऱ्या दाराने बाहेर पडते. इथे ती पागडी होऊन, म्हणजे खोली मिळवताना भाड्याशिवाय वेगळी द्यायची मोठी रक्कम होऊन बाहेर पडली. १९९९ च्या कायद्याने (लागू २०००) पागडी अधिकृत केली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली, पण मूळ आकडाच इतका छोटा की चार टक्क्यांत काय होणार!

माझ्या मावशीची खोली अशीच. भाडं महिन्याच्या भाजीपेक्षा कमी, जिन्याला लाकडी टेकू, मालक डागडुजीला हात लावत नाही. मावसभावाला ठाण्यात नोकरी लागली तरी तो तिथूनच लोकलला लोंबकळत गेला, कारण खोली सोडली तर तसं भाडं पुन्हा कुठे मिळणार? म्हणजे मावशीला राहायचं स्वातंत्र्य मिळालं, हे खरंच. बेघर होण्याची भीती नसणं ही लहान गोष्ट नाही. पण जायचं स्वातंत्र्य गेलं. आणि गावाहून नव्याने आलेल्या पोराला तर दोन्ही नाही, त्याच्यासाठी भाड्याची खोली बांधायला कोणी तयारच झालं नाही.