सलग दोन हंगाम बाग गेली. पुन्हा उभं राहायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग, दोन्ही वर्षं अवकाळीने नेली, शेजाऱ्याचा माल मात्र परदेशात गेला. आता बागेकडे फिरकावंसं वाटत नाही. उमेद कशी धरायची, आणि आपण अपयशी ठरलो का?

अपयशाचं नंतर बोलू. आधी खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची उन्हाळ्यातली छाटणी, कारण तिथे हात आखडला तर तिसरं वर्षही हातचं जातं.

घड आपल्याला ऑक्टोबर छाटणीनंतर दिसतो, पण त्याचं बीज पडतं उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, काडीवरच्या इवल्याशा डोळ्याच्या आत ठरतं की इथे घड येणार की नुसती बाळी (आधाराला गुंडाळणारा ताणा). म्हणजे नुकसान झाल्यावर माणूस खचून घरात बसतो, नेमक्या त्याच दिवसांत पुढचं पीक घडत असतं. खचलेल्या माणसाची बाग दुसऱ्यांदा जाते ती बहुतेक वेळा इथे, पावसाने नव्हे.

छाटणी लांबवू नका. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकली तर हे दिवस मेच्या उन्हात पडतात. उशीर झाला की जूनचं ढगाळ हवामान गाठतं आणि ऊन कमी पडलं की घड जिरतात, म्हणजे त्यांची बाळी होते. (२०२५ च्या मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलं, तेव्हा वेळेवर छाटणाऱ्यांनाही त्रास झाला. तो दोष कुणाचाच नाही.) ओलांड्यावर (तारेवर आडव्या नेलेल्या फांदीवर) एक-दोन डोळे राखून छाटा. फूट आली की विरळणी करा. ९ बाय ५ फुटांवरच्या वेलीला तीसेक काड्या पुरतात. जास्त ठेवल्या की पानावर पान चढतं आणि डोळा सावलीत राहतो. काडीला ९-१० पानं झाली की सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटणारी पुढची काडी) घ्या. या काळात युरियाचा मोह नको. नत्र वाढलं की वेल शेंड्यामागे धावते, घड बनवायचं राहून जातं.

मन लागत नसेल तर अख्ख्या बागेचा विचारच करू नका. वेगवेगळ्या ओळींतल्या पाच वेलींना लाल दोरा बांधा. रोज सकाळी तेवढ्याच बघायच्या आणि वहीत लिहायचं: पानं किती, काडी पेन्सिलीएवढी झाली का, पानावर दावण्या या बुरशीच्या रोगाचा तेलकट डाग आहे का. दहा मिनिटांचं काम. दोन एकर डोळ्यापुढे आली की माणूस बांधावरूनच मागे फिरतो. पाच वेली झेपतात. आणि डाग वेळेत दिसला तर एक फवारणी वाचते, हा रोकडा फायदा.

ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासणी करून घ्या. बागेच्या चारी कोपऱ्यांतल्या काड्या प्रयोगशाळेत दिल्या की कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं, त्याच्या पुढे एक डोळा राखून छाटायचं. घड कमी निघाले तर खर्चाला तिथेच कात्री लावा. गेल्या वर्षाचं भरून काढायच्या जिद्दीने औषधावर औषध ओतणं ही उमेद नव्हे, तो जुगार होतो.

पैशाचं कागदावरच ठेवा. पंचनाम्याची नक्कल घ्या. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण घेतलं असेल तर नुकसान ७२ तासांत कळवावं लागतं. बँकेकडे किंवा सोसायटीकडे कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज हप्ता थकायच्या आधी, लेखी द्या आणि पोच घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता शेजारी. पारावर जो दर सांगितला जातो तो पहिल्या तोडीचा, चार किलोच्या पेटीचा, तोही सगळ्यांत चांगल्या मालाचा. राहिलेल्या मालाचं काय झालं आणि व्यापाऱ्याकडून पैसे आले का, हे कुणी सांगत नाही. त्या आकड्याशी स्वतःला मोजू नका. आपली मोजपट्टी आपणच, हंगाम सुरू व्हायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: किलोमागे माझा खर्च किती, कर्ज गेल्या वर्षीपेक्षा कमी झालं का, मुलांची फी कुणाकडे हात न पसरता भरली का. एका हंगामावर निकाल लावू नका, पाच हंगामांचा हिशेब मांडा. पाचांत तीन वर्षं चार पैसे सुटले आणि दोन वर्षं खर्च निघाला, तर माझ्या लेखी तो यशस्वी बागायतदार, त्याची एक पेटीही समुद्रापार न जावो.

बेदाण्याचं गणितही मांडून ठेवा. चार-साडेचार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. गोडी २२ ब्रिक्सच्या वर हवी. शीतगृहात ठेवून दराची वाट बघता येते, ताज्या मालाला ती सोय नाही. मात्र तडकलेल्या मण्यांचा चांगला बेदाणा होत नाही, म्हणून पाऊस पडल्यावर बेदाणा सुकवायची शेड शोधत फिरण्यात अर्थ नाही. शेडमधला रॅक आधीच बोलून ठेवा.

आणि बाग म्हातारी झाली असेल, काड्या बारीक पडत असतील, तर एक एकर काढणं हा पराभव नाही. फक्त तो निर्णय खरड छाटणीच्या आधी घ्या. नंतर घेतलात तर छाटणीची मजुरी आणि वेलीला लावायच्या पेस्टचा खर्च उगाच अंगावर पडतो.